फ्रेमची लाइफटाइम वॉरंटी: महागडी माउंटन बाइक घेताना तिला किती किंमत द्यायची?

दोन-तीन लाखांची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके शोषणारी) माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कुठला, ब्रेकला पिस्टन किती, यावर महिनाभर डोकं लावतो आणि वॉरंटीच्या ओळीपाशी 'लाइफटाइम आहे ना, मग झालं' म्हणून पुढे सरकतो. दुसरा गट म्हणतो, 'वॉरंटी-बिरंटी सगळी कागदावर. फ्रेम तुटली की कोणी ओळख दाखवत नाही.' मला दोन्ही पटत नाही. वॉरंटीत फ्रेम बदलून मिळालेले लोक माझ्या ओळखीत आहेत आणि हात हलवत परतलेलेही आहेत. तिचा किती उपयोग होणार हे वर्षांच्या आकड्यावरून कळत नाही. ते कळतं वगळलेल्या गोष्टींच्या यादीवरून आणि तुमच्या शहरात त्या कागदामागे कोण उभं आहे यावरून. दोन्ही गोष्टी पैसे मोजण्याआधी तपासता येतात.

१. तुम्हाला ती लागणार आहे का?

ट्रेक, स्पेशलाइज्ड, जायंट, सांता क्रूझ हे सगळे फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी देतात, पण ती मूळ मालकाला. दर दोन वर्षांनी बाइक बदलायची सवय असेल तर दहाव्या वर्षीच्या हक्काचे पैसे तुम्ही कशाला भरायचे? आणि सेकंडहँड घेत असाल तर जाहिरातीतला 'लाइफटाइम' हा शब्द बहुतेक वेळा तुमच्यासाठी नसतोच. काही ब्रँड दुसऱ्या मालकाला मर्यादित मुदत देतात. ते सीरियल नंबर पाठवून कंपनीलाच विचारा, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

खरा फायदा होतो तो पाच-सात वर्षं एकच बाइक ठेवणाऱ्याला, त्यातही फुल सस्पेन्शनवाल्याला. हार्डटेलमध्ये, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या बाइकमध्ये, मागचा त्रिकोण एकसंध असतो. फुल सस्पेन्शनमध्ये चेनस्टे आणि सीटस्टे (मागच्या त्रिकोणाच्या खालच्या-वरच्या नळ्या), रॉकर (त्यांना शॉकशी जोडणारा फिरता तुकडा), शॉकचे (मागच्या सस्पेन्शनचे) माउंट असे जोड वाढतात आणि प्रत्येक जोडावर ताण एकवटतो.

धातूचाही फरक पडतो. स्टीलला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर कितीही फेऱ्या झाल्या तरी ते थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला की वेल्डच्या कडेला कधीतरी तडा सुरू होतो. चांगली कंपनी ती वेळ इतकी लांब ढकलते की तोवर तुम्ही बाइक विकलेली असते. कार्बनला असा थकवा फार कमी. त्याचं दुखणं दोन प्रकारचं: बनवतानाच थरांमध्ये पोकळी किंवा सुरकुती राहणं, आणि बाहेरून बसलेला मार. पहिलं वॉरंटीत बसतं, दुसरं बसत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात. बहुतेक भांडणं इथेच होतात.

२. कागद मिळवा आणि शब्दांवर बोट ठेवून वाचा

ब्रोशर म्हणजे वॉरंटी नव्हे. कंपनीच्या वेबसाइटवरचा वॉरंटीचा पूर्ण मजकूर आणि त्या मॉडेलचं ओनर्स मॅन्युअल, दोन्ही डाउनलोड करा, खरेदीच्या तारखेसह जपून ठेवा. कंपन्या हा मजकूर अधूनमधून बदलतात. तुम्हाला लागू होतो तो खरेदीच्या वेळचा.

आता 'लाइफटाइम' कुणाचं, ते बघा. काही ठिकाणी मूळ मालकाचं आयुष्य असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही ठिकाणी उत्पादनाचं 'अपेक्षित आयुष्य' असतं, आणि ते किती हे कंपनी ठरवते. अशा शब्दापेक्षा मला सरळ आकडा परवडतो. कॅनियन ६ वर्षं देते. लाइफटाइमपुढे ते किरकोळ वाटतं, पण निदान त्यात वादाला जागा नाही.

पुढे 'मटेरियल आणि कारागिरीतले दोष' हे शब्द येतात. वॉरंटीत येतं ते एवढंच. पडल्याने, दगडाने, कॅरिअरने, गाडीने झालेलं नुकसान यात नाही. कारच्या छतावर बाइक विसरून सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरलात तर तो दोष फ्रेमचा नाही. वॉरंटी म्हणजे विमा नव्हे, आणि ज्याला विमा हवा आहे त्याने तो वेगळा बघावा.

मग तपासा 'नॉर्मल वेअर', आणि त्याच्या शेजारी 'फटीग' हा शब्द आहे का. माझ्या मते अख्ख्या कागदातला सगळ्यात महाग शब्द हा. सहाव्या वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या चेनस्टेला वेल्डलगत तडा गेला, तर तो कारागिरीतला दोष की थकवा? वेल्ड कच्चा असेल तर दोष, पक्का असूनही झिजला असेल तर थकवा. बाहेरून सांगणं अवघड, आणि निवाडा करणार कंपनीच. फटीग स्पष्टपणे वगळलेला असेल तर त्या लाइफटाइमचा शेवटचा निम्मा भाग कागदावरच राहतो. तो शब्द नसेल, आणि डीलर सांगत असेल की 'वेल्डचा तडा असेल तर जास्त विचारत नाहीत', तर वॉरंटी कसदार आहे.

शेवटी 'इंटेंडेड यूज'. एएसटीएम एफ२०४३ या मानकाने बाइकचा वापर १ ते ५ वर्गांत विभागलाय आणि बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल हेच वर्ग वापरतात. वर्ग ३ म्हणजे क्रॉस कंट्री, उडी ६१ सेंटिमीटरपर्यंत. वर्ग ४ मध्ये १२२ सेंटिमीटरपर्यंत. त्याच्या वर वर्ग ५. तुमच्या बाइकवर ३ चा शिक्का असेल आणि इन्स्टाग्रामवर तुम्ही कंबरभर उंचीच्या ड्रॉपवरून उतरताना दिसत असाल, तर क्लेम नाकारायचं कारण तुम्ही स्वतःच प्रसिद्ध केलंय. वजनमर्यादाही तिथेच सापडेल. कित्येक मॅन्युअलमध्ये ती स्वार, बाइक आणि सामान मिळून १३६ किलो, म्हणजे ३०० पौंड आहे. नव्वद किलोचा माणूस, सोळा किलोची बाइक, भरलेली सॅक आणि पाणी असा हिशेब आपल्याकडे बरेच जण करतच नाहीत.

फोर्कचीही एक ओळ असते. फ्रेमला १४० मिलिमीटरचा फोर्क चालतो असं लिहिलंय आणि तुम्ही १६०चा टाकलात, तर हेडट्यूबवरचा (फोर्क जिथे बसतो त्या नळीवरचा) ताण वाढतो आणि वॉरंटी जाते. सीटपोस्ट ठरावीक खोलीपर्यंत आत नसणं, फ्रेमला भोक पाडणं, पुन्हा रंगवणं, ही कारणंही जवळजवळ सगळीकडे सापडतात.

३. 'फ्रेम' म्हणजे नेमकं काय?

लाइफटाइम पुढच्या त्रिकोणालाच आणि मागच्या स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागाला) कमी वर्षं, असं असू शकतं. डाउनहिल आणि फ्रीराइड मॉडेलना बऱ्याचदा दोन-तीन वर्षांवर थांबवतात. रंग आणि स्टिकर यांची मुदत वेगळी, बहुधा एखादं वर्ष. बेअरिंग सहसा झीज म्हणून बाहेर. सांता क्रूझ मूळ मालकाला पिव्हट (हलत्या सांध्यांचे) बेअरिंगही आयुष्यभर बदलून देते, आणि पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलात बाइक घालणाऱ्याला फ्रेमच्या वॉरंटीपेक्षा तीच जास्त वेळा उपयोगी पडेल.

फोर्क, शॉक, ड्रॉपर (सीट वरखाली करणारा पोस्ट), ब्रेक यांचा फ्रेमच्या वॉरंटीशी संबंध नसतो. रॉकशॉक्सची मुदत २ वर्षांची. शिवाय सर्व्हिसचं वेळापत्रक असतं: फोर्कच्या खालच्या नळ्या दर ५० तासांनी उघडून तेल बदलणं वगैरे. दुकानातून निघालेली बाइक दोन वर्षं उघडलीच नाही आणि मग शॉकमधून तेल गळतंय म्हणून क्लेम केला, तर उत्तर काय येईल ते सांगायला नको.

४. कंपनी तरी लाइफटाइम टिकेल का?

आयुष्यभराची हमी देणाऱ्याचं आयुष्य किती, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अगदी खरा झालाय. कोविडमध्ये मागणी उसळली, कंपन्यांनी गोदामं भरली आणि मग बाजार बसला. ब्रिटनमधली विगल चेन रिअ‍ॅक्शन ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रशासकांच्या (दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या) ताब्यात गेली, तिच्यासोबत न्यूकप्रूफ आणि व्हायटस हे ब्रँडही अडकले. कॅनडाच्या रॉकी माउंटनने डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून संरक्षण मागितलं. अमेरिकेतल्या रेव्हेलने एप्रिल २०२५ मध्ये बंद करतोय असं जाहीर केलं, आणि थोड्याच काळात मूळ संस्थापकाने ती परत घेतली. जर्मनीच्या वायटीने जुलै २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

अशा वेळी ब्रँडचं नाव दुसरा कुणी विकत घेतो. नाव घेतलं म्हणजे जुन्या ग्राहकांना दिलेला शब्दही घेतला, असं आपोआप होत नाही. म्हणून लहान, देखण्या ब्रँडच्या 'लाइफटाइम'ला मी पाच-सहा वर्षांपेक्षा जास्त किंमत देत नाही. अशा कंपनीकडून बाइक घेऊ नये असं नाही. फक्त वॉरंटीच्या नावाने जादा पैसे मोजू नयेत. आणि चाळीस-पन्नास टक्के सवलत लागली असेल तर दर बघण्याआधी बातम्या बघा.

५. क्लेम कुठे आणि कोणाकडे करायचा?

आपल्यासाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. वॉरंटी बहुतेकदा अधिकृत डीलरकडून घेतलेल्या आणि त्यानेच जुळवलेल्या बाइकवर चालते, आणि क्लेमही त्याच डीलरमार्फत किंवा त्या देशाच्या वितरकामार्फत जातो.

पुण्या-मुंबईत प्रीमियम बाइक येतात त्या तीन वाटांनी. एक, भारतात वितरक असलेला ब्रँड. दोन, वितरकाशिवाय कुणी दुकानदाराने परस्पर मागवलेली बाइक. ती स्वस्त पडते आणि बिलावर कधीकधी मॉडेलचं पूर्ण नावही नसतं. तीन, अमेरिकेतल्या किंवा लंडनमधल्या भावाने घेऊन विमानातून आणलेली. दुसऱ्या वाटेने आलेल्या बाइकची कंपनीची वॉरंटी जवळजवळ नाहीच असं धरून चाला. दुकानदार म्हणेल, 'मी बघून घेईन.' तो बघेलही, पण तो त्याचा शब्द झाला, कंपनीचा नव्हे. तिसऱ्या वाटेची वॉरंटी खरी असते, पण ती तिकडे असते. बिल भावाच्या नावावर असेल तर मूळ मालक भाऊ. शिवाय फ्रेम तिकडे पाठवणं, नवी आली की कस्टम्स ड्युटी, हे खर्च कोणाचे ते आधी विचारा.

परदेशात राहणाऱ्यांना एक वेगळी बाजू आहे. युरोपीय संघात विकणाऱ्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते आणि ती कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी. ब्रिटनमध्ये २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. तिकडे बाइक घेऊन तिकडेच चालवणार असाल तर पहिली दोन वर्षं कायद्याचं पारडं तुमच्या बाजूला झुकलेलं असतं, मग ब्रँड कोणताही असो.

पैसे देण्याआधी वितरकाला ईमेल करा. व्हॉट्सअ‍ॅप नको, फोन तर नकोच. मजकूर साधा असू द्या:

'मी अमुक मॉडेल, अमुक साइज, अमुक डीलरकडून घेत आहे. १) या मॉडेलच्या पुढच्या त्रिकोणाची आणि स्विंगआर्मची वॉरंटी किती वर्षांची? २) क्लेम मंजूर झाल्यास फ्रेमची वाहतूक, ड्युटी आणि जुन्या फ्रेमवरचे पार्ट काढून नवीवर बसवण्याची मजुरी कोण भरतं? ३) तीच फ्रेम उपलब्ध नसेल तर काय देता? ४) अपघातात फ्रेम गेल्यास सवलतीत नवी देण्याची योजना भारतात आहे का, आणि सवलत किती?'

उत्तर आलं तर ते जपून ठेवा. दोन आठवड्यांत उत्तरच आलं नाही, तर वॉरंटीबद्दल जे कळायचं होतं ते कळलं.

तिसरा प्रश्न गमतीचा नाही. समजा २०१५ ची फ्रेम आज बदलून मिळाली. बूस्ट म्हणजे १४८ मिलिमीटरचं मागचं हब त्याच सुमाराला आलं, शॉकची मेट्रिक मापं २०१६ मध्ये, यूडीएच हँगर (मागचा डिरेलर अडकवायचा प्रमाणित तुकडा) २०१९ मध्ये. त्यामुळे नव्या फ्रेमला तुमचं जुनं चाक, जुना शॉक, कदाचित हेडसेटही (फोर्क फिरवणारे बेअरिंग) बसणार नाही. फ्रेम फुकट, आणि वर पन्नास-साठ हजारांचे पार्ट. नव्या फ्रेमसोबत लागणारे पार्ट कंपनी देते की नाही, हे लेखी असलं तर सोन्याहून पिवळं.

६. रुपयांत मांडा

समजा अधिकृत डीलरकडची बाइक दुसरीपेक्षा ४० हजारांनी महाग आहे आणि नुसती फ्रेम विकत घ्यायची तर २ लाख पडतात. मग नुसत्या वॉरंटीपोटी हा फरक वसूल होण्यासाठी, दोषामुळे फ्रेम जाण्याची शक्यता पाचात एक तरी हवी. नामांकित कंपनीच्या फ्रेम इतक्या तुटत नाहीत. तुटल्या असत्या तर लाइफटाइम द्यायला ती कंपनी धजावली नसती. त्यात सातव्या वर्षी ती फ्रेम तुमच्यासाठी २ लाखांची राहिलेलीही नसते.

म्हणून फ्रेमच्या वॉरंटीला, डीलर शहरात असेल आणि ईमेलचं उत्तर आलं असेल तर, मी दहा-पंधरा हजार जादा देईन. बाकीचे पंचवीस हजार द्यायचे की नाही हे डीलरच्या वर्कशॉपकडे बघून ठरवा: सस्पेन्शनची सर्व्हिस होते का, हँगर आणि बेअरिंग शिल्लक असतात का, मेकॅनिक टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरतो का. बाइक आवडली नसेल, साइज बसत नसेल, तर वॉरंटी पाहून घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण लोक घेतात.

७. खरेदीच्या दिवशी

बिलावर तुमचं नाव, मॉडेलचं पूर्ण नाव, वर्ष, साइज आणि सीरियल नंबर हवाच. नंबर सहसा बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा दांडा बसतो त्या भागाच्या) खाली कोरलेला असतो. बाइक उलटी करून स्वतः ताडून बघा. बिल द्यायला टाळाटाळ झाली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ती अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे दुकानदारालाही माहीत असतं.

ऑनलाइन नोंदणी त्याच रात्री करा, काही कंपन्या त्याला मुदत घालतात. मग फ्रेमचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालून आणि शॉकच्या माउंटजवळून विशेष. 'हा ओरखडा आधीपासून होता' हे पुढे सिद्ध करायची वेळ येऊ शकते. वर्कस्टँडमध्ये कार्बन फ्रेमची ट्यूब पकडू नका, सीटपोस्ट पकडा. सर्व्हिसच्या पावत्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

८. तडा दिसला तर

आधी तो तडाच आहे का ते बघा. कुरकुर आवाज आला की लोक फ्रेम तुटली म्हणून घाबरतात. बहुतेकदा दोष सीटपोस्ट, हेडसेट किंवा पिव्हटच्या बोल्टमध्ये निघतो. ते साफ करून ग्रीस लावून ठरलेल्या टॉर्कवर आवळा आणि पुन्हा ऐका.

रेष दिसत असेल तर जागा स्पिरिटने पुसा. टॉर्च तिरपा धरून बघा आणि नख आडवं फिरवा. नुसत्या रंगाची रेष बहुधा वाकडीतिकडी, वरवरची असते. अ‍ॅल्युमिनियमचा तडा वेल्डच्या कडेने सरळ धावतो, त्यात काळसर धूळ भरते, पुसली तरी दोन राइडनंतर तिथेच परत येते. पुढचा ब्रेक दाबून कुणाला तरी हँडलवर भार द्यायला सांगा आणि रेष उघडते का ते बघा. कार्बनवर नाण्याने हळू टकटक करत जा. चांगल्या भागात आवाज टणक येतो, थर सुटलेल्या भागात भद्द. शंका राहिली तरी चालवणं बंद. तडा दिसूनही चालवत राहणं हे क्लेम फेटाळायचं ठरलेलं कारण आहे, आणि घाटउतारावर हेडट्यूब सुटली तर क्लेमचा प्रश्नच उरत नाही.

रेषेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, पट्टी ठेवून फोटो काढा. अख्ख्या बाइकचा उजव्या बाजूने एक, सीरियल नंबरचा एक, बिलाचा एक. घासू नका, रंग खरवडू नका, आणि कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडे तर अजिबात नेऊ नका. एकदा दुरुस्त केली की ती कंपनीच्या लेखी संपली. डीलरला ईमेल करताना काय, कधी, कुठे ते खरं लिहा. पडला असाल तर पडलो म्हणा. तपासणारे दिवसभर तुटलेल्या फ्रेमच बघतात, मार कुठून बसला हे त्यांना कळतं, आणि एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही जातं. त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा: वॉरंटीत बसत नसेल तर क्रॅश रिप्लेसमेंटमध्ये (अपघातात गेलेल्या फ्रेमऐवजी सवलतीत नवी) फ्रेम कितीला? प्रीमियम ब्रँडचे बरेच क्लेम शेवटी याच दाराने मिटतात.

फ्रेम जमा करताना सीरियल नंबरसह पोच घ्या. काही कंपन्या जुनी फ्रेम परत न मागता कापून फोटो पाठवायला सांगतात. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत करवत लावू नका.

९. नाकारलं तर

कारण लेखी मागा. 'मिसयूज' एवढाच शब्द पुरेसा नाही, कोणत्या खुणेवरून ठरवलं ते विचारा. डीलरच्या वर वितरक, वितरकाच्या वर कंपनीचं मुख्यालय, या क्रमाने जा. मुख्यालयाचं उत्तर कधीकधी वितरकापेक्षा उदार असतं.

तिथेही दार बंद झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्यावर मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची तक्रार तिथे चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. विक्रेता, वितरक आणि कंपनी तिघांनाही पक्षकार करा, आणि खरेदीआधीच्या त्या ईमेलचं उत्तर पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा.